माझा तंबू, तुझा दावा

केटल फॉर्क, १४ एप्रिल २०१३

ट्वायला,

पेपरात तुझा फोटो पाहिला. पहिल्या पानावर, घडीच्या वरच्या भागात. किराणा दुकानातल्या नॅडीनने माझ्यासाठी अंक बाजूला काढून ठेवला होता. पिशवीत घालता घालता म्हणाली, "तुझी बहीण काय छान दिसतेय गं, वय कळतच नाही." मी म्हटलं, "उजेड चांगला पडलाय."

तुझ्या मागे जो हिरवा तंबू दिसतो तो माझा. कोपऱ्यातलं ठिगळ मी लावलंय. ज्या स्टोव्हवर तू हात शेकते आहेस तो माझा, आणि तू बसली आहेस ती घडीची खुर्चीसुद्धा माझी. दोर मात्र तू बांधलेस, ते बघताक्षणी कळतं. वाऱ्याची एक झुळूक आली असती तर तंबू फोटोवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसला असता. फेब्रुवारीत तू सामान मागायला आलीस तेव्हा म्हणालीस, चर्चमधल्या मुलींना तंबू कसा ठोकतात ते दाखवायचंय. फोटोत चर्चमधल्या मुली काही दिसत नाहीत.

खाली लिहिलंय, 'धरणाच्या तलावावर बंदुकीला बंदी. लुइस्टनच्या विधवेचा सरकारवर दावा'. एकूण दावा दाखलही झाला. मला हे नॅडीनकडून कळायचं होतं.

मी लगेच फोन केला, तर तू म्हणालीस, "आर्लिस, हॅल्व्हर्सन म्हणालेत, केस संपेपर्यंत या विषयावर आपण बोलायचं नाही. तुला साक्षीला बोलावतील."

"मला? ज्या दिवसाबद्दल दावा आहे त्या दिवशी तिथे होते म्हणून?"

"बघ, लगेच सुरू झालीस. मी फोन ठेवते."

आणि ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र लिहू नका असं काही तो वकील म्हणाला नसेल. म्हणाला असेल तर त्याला हे दाखव, त्यालाही कळू दे तंबू कोणाचा ते.

आर्लिस


केटल फॉर्क, ९ जून २०१३

ट्वायला,

शाळेला उन्हाळी सुट्टी लागली, मी माझी शाळेची बस गॅरेजला लावली, आणि पहिलं काम केलं ते कोर्टात जाऊन तुझं प्रतिज्ञापत्र वाचण्याचं. कोणालाही वाचायला मिळतं. खिडकीमागच्या बाईने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "यात जी 'माझी बहीण' म्हणून आहे ना, ती."

एक शब्द खोटा नाही. खोटा असता तर बरं झालं असतं, मला तुझ्यावर धड रागावता तरी आलं असतं.

सप्टेंबरचे शेवटचे दिवस, टॅमरॅकची झाडं पिवळी झालेली, तलावाकाठी सीडर स्पिटवर आपण दोघी आणि शेजारच्या जागेवर तो पिकअपवाला, बाकी कोणी नाही. दुपारपासून पीत होता. आधी लाकडं मागायला आला, मग आपल्या टेबलाशी येऊन बसला तो हलेना. मग त्याने तुझं मनगट धरलं. तू हात सोडवून घेतलास, गाडीत जाऊन बसलीस आणि दार आतून लावलंस. मी तंबूत गेले, रिव्हॉल्व्हर आणलं आणि ते मांडीवर ठेवून खुर्चीत बसले. त्याच्याकडे रोखलं नाही. "कॉफी संपली," एवढंच म्हणाले. तो गेला. गेला तो सरळ रेंजरकडे, आपल्या बॉइडकडे, तक्रार करायला. मग बॉइड आला रेंजरची टोपी हातात घेऊन, आणि त्याच्या मागे तो माणूस छाती काढून उभा. "आर्लिस, मला लिहावंच लागणार," बॉइड म्हणाला. रस्त्याच्या पलीकडे वनखात्याच्या जमिनीवर कमरेला बंदूक लावून फिरा, कोणी विचारत नाही. रस्ता ओलांडून तलावाकडे आलं की तंबूत उशाखाली ठेवली तरी गुन्हा. दंड मला झाला.

तू लिहिलंयस, "मी नियम पाळत होते, म्हणून माझ्याजवळ स्वतःला वाचवायला काही नव्हतं. मी काचेतून माझ्या बहिणीकडे पाहत होते आणि मला वाटलं, ती आता मरणार."

मी मरणार नव्हते, ट्वायला. मी खुर्चीत बसले होते.

आणि माझं नाव कुठेच नाही. त्या माणसाच्या गाडीचं नावसुद्धा आलंय.

हॅल्व्हर्सनला पहिलं पत्र कोणी लिहिलं? मी. तो इतक्या लांबून गाडी चालवत आला तो कोणाकडे? माझ्याकडे. हरणाच्या मांसाचा रोस्ट मी केला. तू फक्त बटाट्याचं भांडं घेऊन आली होतीस. तुला बोलावलं ते टेबलावर बटाटे हवेत म्हणून.

मला ते जेवण अजून शब्दन् शब्द आठवतंय. त्याने मला विचारलं, "मिस हॅगेडॉर्न, दंड भरलात?"

"भरला. त्याच आठवड्यात."

"म्हणजे गुन्हा कबूल केलात." त्याचा चेहरा जरा पडला. "आणि हत्यार मांडीवर होतं. समोरच्या बाजूचा वकील म्हणेल, धमकी तुम्हीच दिलीत."

मग तो तुझ्याकडे वळला, बटाटे मागायला वळावं तसा. "तुमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे?"

"माझ्या नवऱ्याने, ड्वाइटने काढायला लावला होता. तो जायच्या आधी."

"मग त्या दिवशी जवळ का नव्हती?"

तू म्हणालीस, "पाटीवर लिहिलं होतं ना, आणू नका म्हणून."

त्याने काटा खाली ठेवला. त्यानंतर माझ्या रोस्टला त्याने हात लावला नाही. सगळं जेवण संपेपर्यंत तो तुझ्याशीच बोलत होता.

निघताना मी त्याला गाडीपाशी गाठलं. मी म्हटलं, "जे घडलं ते माझ्याबाबतीत घडलं." तो वाईट माणूस नाही, समजावून सांगत होता. म्हणाला, "नियम पाळून जी संकटात सापडली, तिची बाजू न्यायाधीशाला लगेच पटते. नियम मोडून जी निभावून गेली, तिला तो म्हणतो, मग तुमचं अडलं कुठे?"

जत्रेतल्या स्पर्धेतला तो हकलबेरीचा पाय आठवतो का, फळं भरून भाजलेला? मी केला होता. मी मुलींच्या गटात बसत नव्हते, वय उलटलं होतं, म्हणून आईने तो तुझ्या नावाने ठेवला. पहिल्या बक्षिसाची निळी फीत तुला मिळाली. आई ती फीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची आणि तू मान खाली घालून उभी राहायचीस. सगळ्यांना वाटायचं, किती विनयशील मुलगी.

आर्लिस


केटल फॉर्क, २५ ऑगस्ट २०१३

ट्वायला,

आठवड्यापूर्वी सरकारी वकीलबाई आल्या होत्या. मिस पॅरिश. वयाने लहान आहे, बूट अगदी स्वच्छ. ओसरीवर बसलो, लिंबाचं सरबत दिलं. तुझ्या कानावर भलतंच काही जायला नको म्हणून आधीच सांगते, मी विशेष काही बोलले नाही.

हवेवर बोललो. माशांवर बोललो, यंदा कोकॅनी कसे लहान आलेत त्यावर. डासांचा विषय निघाला, तेव्हा तुला डास चावला की कशा गांधी उठतात ते सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? ती हसली आणि तिने ते लिहून घेतलं.

मग म्हणाली, "तुमच्या बहिणीने शपथेवर लिहून दिलंय की पुढच्या उन्हाळ्यातही त्या तिथे राहायला जाणार आहेत. नाहीतर त्यांना दावाच करता येत नाही. ज्याला तिथे जायचंच नाही त्याला बंदी नडणार कशी?"

मी म्हटलं, "असं होय."

"त्या कधी एकट्या गेल्यात तिथे?"

मी म्हटलं, "सरबत आणखी घ्या."

एवढंच. ती बराच वेळ बसली, पण बोलणं एवढंच झालं.

तुझा फोटो आता एका मासिकातही आलाय म्हणे. नॅडीनने सांगितलं. मी पाहिला नाही. पाहिला म्हणजे दुकानात उभ्या उभ्या चाळला. तो निळा स्वेटर तुला शोभत नाही.

आर्लिस


केटल फॉर्क, २० ऑक्टोबर २०१३

ट्वायला,

माझी जबानी झाली. तू नव्हतीस. हॅल्व्हर्सन तुला सांगेलच, पण त्याच्याआधी माझ्याकडून ऐक.

लांबट टेबल, एका बाजूला मिस पॅरिश, दुसऱ्या बाजूला तो, टोकाला टंकलेखन करणारी बाई. शपथ दिली. मिस पॅरिशने आधी इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग फाइलमधून मान वर न करता म्हणाली, "तुमच्या बहिणीला तंबूत राहायला आवडतं का?"

"नाही."

"मग त्या जातात कशासाठी?"

"मी नेते म्हणून."

"तुम्ही नेलं नाही तर त्या स्वतःहून जातील?"

"ती? एकटी? कधीच नाही."

तिने फाइल मिटली. मला बरं वाटलं, ट्वायला. दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. तुझा तो निळा स्वेटर, तो फोटो, नॅडीनचं ते 'वय कळतच नाही', सगळं एका वाक्यात खाली बसलं होतं, आणि वाक्य खरं होतं.

मग हॅल्व्हर्सन पुढे सरकला. त्याने आवाज चढवला नाही. "मिस हॅगेडॉर्न, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही स्वतः सीडर स्पिटला जाणार आहात?"

"दरवर्षी जाते."

"बहिणीला बोलावणार?"

टंकलेखन करणाऱ्या बाईची बोटं थांबली. मिस पॅरिशने मान वर केली. तुझा दावा, सरकारचा सगळा बचाव, देशभरातल्या धरणांचे तलाव, सगळं येऊन माझ्या एका शब्दावर टेकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, तीही तुझ्यासाठी.

मला 'नाही' म्हणायचं होतं. शपथेला धरून झालं असतं, कारण एप्रिलपासून मी तुला बोलावणार नव्हतेच.

मी म्हटलं, "बोलावीन."

"आणि त्या येतील?"

"मी बोलावलं की येते. कुरकुर करते, पण येते."

माझे आभार मानू नकोस. तुझ्यासाठी नाही केलं. माझ्या मनात आलं, मी नाही म्हटलं तर दावा इथेच बुडेल. मग तो माणूस, ती खुर्ची, तो दंड, हे सगळं कोणीच कधी ऐकणार नाही. निदान तुझ्या तोंडून तरी ऐकताहेत. ते मला सोडवेना.

आर्लिस


केटल फॉर्क, २ फेब्रुवारी २०१४

ट्वायला,

काल कोट ठेवायच्या खोलीत तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाही. रस्ताभर विचार केला आणि आता लिहायला बसले.

तू जिंकलीस त्याचा समारंभ म्हणजे मी यायलाच नको होतं, पण हॅल्व्हर्सनने आवर्जून बोलावलं. मी आपली कॉफीच्या भांड्यापाशी उभी होते. कोणीतरी मला वाढपी समजून माझ्या हातात रिकामा कप दिला. मी तो भरून दिला. समोर तू, केकवर साखरेचा गरुड, आणि हॅल्व्हर्सन निकाल वाचून दाखवतोय. न्यायाधीश म्हणतात, तंबू हे तिथे राहणाऱ्याचं घरच असतं, आणि घरात स्वतःचं रक्षण करायचा हक्क सरकारला काढून घेता येत नाही. टाळ्या. पुढे म्हणतात, वादीचा तिथे पुन्हा जाण्याचा इरादा खरा आहे, कारण तिची बहीण तिला बोलावील अशी शपथेवर साक्ष आहे. त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुन्हा 'तिची बहीण'. हकलबेरीचा पाय माझा आणि फीत तुझी, पुन्हा एकदा.

मी माझा कोट शोधत होते, तेव्हा तू मागून आलीस. "तुला वाटतं, मला हे हवं होतं?"

"फोटोत तर तसंच दिसतं."

तू दार लोटलंस. मग जे बोललीस ते मी इथे उतरवून ठेवते. नीट ऐकलं की नाही याची माझी मलाच खात्री करून घ्यायची आहे.

तू म्हणालीस, "मी दार आतून लावलं, आर्लिस. तू बाहेर होतीस आणि मी दार लावलं. तू त्याला काय म्हणालीस ते मला ओठांवरून कळलं. कॉफी संपली. मला रडू येत होतं आणि हसू येत होतं. मी लहानपणापासून तुला असंच बघत आलेय, आतून. घोड्यावर तू, धरणावरून उडी मारणारी तू, बापाला उलट उत्तर देणारी तू. लोक मला काय विचारायचे माहितेय? तू आर्लिसची बहीण ना? त्या वकिलाने काटा खाली ठेवला, तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी माझ्याजवळचं काहीतरी हवं होतं. आणि ते होतं काय, तर माझी भीती. ती तेवढी तुझ्याकडे नव्हती."

मी तुझा हातमोजा खाली पडला होता तो उचलून दिला आणि निघून आले.

तुला माझा हेवा वाटत होता हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गाडी चालवताना मी हसत होते. चढावर बर्फ होता, काच धूसर झाली होती, आणि मी एकटीच हसत होते. इतकी वर्षं हे आधी का नाही सांगितलंस?

जुलैत सीडर स्पिटला ये. शपथ घेतलीय, बोलावणं भाग आहे. पण शपथ नसती तरी बहुतेक बोलावलं असतं.

आर्लिस


केटल फॉर्क, २१ जुलै २०१४

ट्वायला,

तुझी घोंगडी आणि तवा माझ्याकडे राहिलेत. तू घाईत निघालीस.

मी जे बोलले ते बोलायला नको होतं. ते कसं बोलले हे सांगते. समर्थन करत नाही.

तू आलीस, कमरेला ड्वाइटचं पिस्तूल, आणि ते असं सांभाळत होतीस की जणू दुसऱ्याचं तान्हं मूल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणालीस, "हे गाडीत ठेवून आले तर चालेल का गं? बसताना टोचतं." आपण दोघी किती हसलो. सरकारशी भांडून मिळवलेला हक्क आणि तुला तो बसताना टोचत होता. मला वाटलं, संपलं सगळं, मिटलं.

मग बॉइड आला. मला तो कधीपासून ओळखतो. त्याचा मुलगा माझ्या बसमधून शाळेत गेला. तो माझ्यासमोरून गेला आणि टोपी काढून तुझा हात हातात घेतला. "अभिनंदन, मिसेस रेन्फ्रो. इथले सगळे तुमचं नाव घेतात." आणि मला काय म्हणाला? "आर्लिस, शेकोटीचे दगड जरा नीट लाव."

मी दगड लावले. ते लावता लावता माझा जो जळफळाट झाला, तो थांबवण्याइतकी मी चांगली नाही. पिकअपचा आवाज आला. कोणीतरी तरुण जोडपं होतं, जागा बघत फिरत होतं. पण तू दचकून उभी राहिलीस. आणि मी म्हटलं, "गाडीची किल्ली देऊ का, आत जाऊन बसायला?"

बॉइडच्या देखत. तू जे मला कोटांच्या खोलीत, दार लोटून सांगितलं होतंस, ते मी उघड्यावर, त्याच्यासमोर तुझ्या तोंडावर मारलं.

तू घडी घालता येईल तेवढं सामान गाडीत घातलंस आणि गेलीस. बॉइड म्हणाला, "हे बरं नाही केलंस." मी त्याला म्हटलं, "तुझं काम कर."

तवा पाठवून देऊ का, की येऊन नेशील?

आर्लिस


केटल फॉर्क, १५ मे २०१६

ट्वायला,

तुझ्याकडून काही उत्तर नाही. तवा मी पोस्टाने पाठवला तो पोहोचला असावा, परत आला नाही.

हॅल्व्हर्सनने तुला कळवलं असेलच. मला त्याचं दोन ओळींचं पत्र आलं. सरकारने अपील केलं होतं, पण सुनावणी व्हायच्या आधीच ते म्हणाले, आम्ही नियमाचा फेरविचार करतो आहोत. झालं, वरच्या कोर्टाने दावा निकाली काढला आणि खालचा निकालही पुसून टाकला. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. फेरविचार कधी संपणार ते कोणी सांगत नाही. बंदीच्या पाट्या मात्र परत आल्यासुद्धा. बॉइडने गेल्या आठवड्यात स्वतः ठोकल्या.

मी स्वतःला विचारलं, आर्लिस, तुला बरं वाटलं का? तुझ्याशी खोटं बोलून काय करू? पहिल्या क्षणी वाटलं. आता कायद्याच्या पुस्तकात तुझंही नाव राहणार नाही. दुसऱ्या क्षणी कळलं, तुझ्याबरोबर माझीही ती एक ओळ गेली. 'तिची बहीण'. मग मी स्वयंपाकघरात बसून रडले. नॅडीनला मी फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं.

आर्लिस


केटल फॉर्क, १० सप्टेंबर २०१७

ट्वायला,

उत्तर देऊ नकोस हवं तर, पण हे पूर्ण वाच.

सप्टेंबरातला कामगार दिन झाल्यावर, गर्दी ओसरली की मी सीडर स्पिटला जाते हे तुला माहीत आहे. गेल्या वर्षी गेले नाही. गुडघा दुखतोय असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण पाटी होती. पुन्हा पकडले गेले तर आता नुसत्या दंडावर भागणार नाही, बॉइडने स्पष्ट सांगितलं होतं. यंदा ठरवलं, रिव्हॉल्व्हर घरी ठेवायचं आणि जायचं.

गेले. तंबू ठोकला. हवा सुरेख होती, तलाव आरशासारखा. आणि मला बसवेना. शेजारच्या जागेवर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. एकदा त्याने माझ्याकडे बघून हात केला. बिचारा नमस्कार करत असेल. मी अशी दचकले की भांडं हातातून पडलं. मी या तलावावर धरण बांधल्यापासून येतेय. ऊन उतरायच्या आत मी तंबू काढला आणि निघाले. मी, आर्लिस हॅगेडॉर्न, गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला भिऊन पळाले. मला वाटायचं, मला भीतीच वाटत नाही. भीती वाटत नव्हती कारण हत्यार कायम हाताशी होतं. ते नसताना मी तिथे कधी राहिलेच नव्हते. तू मात्र प्रत्येक वेळी तशीच राहत होतीस.

फाटकापाशी बॉइड होता. "एवढ्यात निघालीस? बहीण तर दोन दिवस राहून गेली."

मी म्हटलं, "कोणाची?"

"तुझी. मिसेस रेन्फ्रो. जूनमध्ये आल्या होत्या, गेल्या वर्षीही आल्या होत्या. एकट्याच."

"बंदूक?"

"छे. पाटी लागलीय ना. मीच विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाल्या, वाटते की, फार वाटते. तंबूचे दोर काय भयानक बांधतात गं त्या. मी दोन्ही वेळा सोडून पुन्हा बांधून दिले."

मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी शपथेवर सांगितलं होतं, ती एकटी? कधीच नाही. टंकलेखन करणाऱ्या बाईने ते लिहून घेतलं, मिस पॅरिशने त्यावर फाइल मिटली, आणि मला ते इतकं खरं वाटलं होतं की वरून आनंदही झाला होता. आणि तू गेलीस. दावा संपल्यावर गेलीस, कोणी फोटो काढणारं नसताना, कोर्टाला काही दाखवायचं नसताना, मी बोलावलेलं नसताना. भीत भीत गेलीस आणि राहिलीस.

तुझ्या फोटोचा, फितीचा, बॉइडने टोपी काढली त्याचा मला हेवा वाटला, तो सगळा एकीकडे. हा वेगळा आहे. ट्वायला, हे मला जमलं नाही आणि तुला जमलं. काय करू, फार जळते मी. पण आतापर्यंत तुझ्याकडे काही दिसलं की वाटायचं, ते माझं होतं. हे माझं कधीच नव्हतं. हे तुझं तूच मिळवलंस.

किल्लीबद्दल मी जे बोलले त्याची माफी मागते. मागच्या पत्रांतून ती कुठेतरी अर्धवट मागितली असेल, इथे सरळ मागते.

मी तुला बोलावणार नाही. या वेळी तू मला बोलाव. जून असो की सप्टेंबर, तारीख तू ठरव, जागा तू निवड. रिव्हॉल्व्हर मी घरी ठेवीन. तलावाच्या वाटेवरच्या पुलापाशी मी थांबते. तू पुढे हो, तुझ्या गाडीमागून येते.

आर्लिस